मोकळा सोडलेला गडी

रविवारी पहाटे, अमळनेरात,
कॉलेजच्या मैदानावर पाणी मारायच्या आधी
नांद्रे सर आम्हा सातजणींना मोबाइलभोवती बसवायचे.
काच फुटलेली, कोपऱ्याला बोट लागलं की चित्र पळायचं.
तिकडे टेक्सासात शनिवार अजून संपलेला नसायचा.
लोटन अप्पांचा कल्पेश तिकडे शिकायला,
त्यानं सरांना हे वेड धाडलं:
कॉलेजच्या पोरांचा फुटबॉल,
ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो
आणि चेंडू भरताच्या वांग्यासारखा लांबुळका.

कमल म्हणाली, सर, आपण कबड्डी खेळतो.
सर म्हणाले, "बठ. तोच खेळ शे."

पळतो कसा ते बघू नका,
पळायच्या आधी काय करतो ते बघा.
सात नंबरचा पोरगा, सडपातळ,
चेंडू दोस्ताच्या पोटाशी नेतो,
ठेवतो, आणि सोडत नाही.
पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढताना
हात अर्ध्यावर थांबतो ना, तेवढंच.
डोळे चेंडूवर नाहीत, दोस्तावर नाहीत.
समोरच्या एका गड्यावर आहेत
ज्याला मुद्दाम कुणीच अडवलेलं नाही.

"त्याले मोकया सोडेल शे,"
सर अहिराणीत शिरले म्हणजे मुद्दा मोठा.
तो गडी आत झेपावला, तर हा बाहेरून जाणार.
तो बाहेरच थांबला, तर चेंडू दोस्ताचा.
ठरवतो तो मोकळा गडी,
आपला पोरगा फक्त वाचतो,
शिंक अडवायला लागतो तेवढ्या वेळात.

मला वेगाचं वेड.
बोरीच्या कोरड्या पात्रात, वाळूत पळून
मांड्या कमावलेल्या.
मी म्हटलं, सर, तो जोरात पळतो, बस, एवढंच.
सरांनी चित्र मागं नेलं.
आधी त्यानं तीनदा लांब फेकलं होतं,
दोनदा तर वायाच गेलं.
पण मागचे चौघं त्या फेकीच्या धाकानं
अजून मागंच उभे.
"नुसतं पळता येतं त्याला
पळायला जागा कोण देतं गं?"

पुढच्या पाच जाड्यांवर कॅमेरा कधी गेला नाही.
सर त्यांचे नंबर वहीत उतरवून घ्यायचे.
"वाट त्यास्नी पाडेल शे."

एक गोष्ट मात्र मला पटली नाही.
चौदा-पंधरा पावलं पळून,
समोर अजून हिरवं दिसत असताना,
सात नंबर आपणहून घसरून खाली बसला.
कुणाचा हात लागायच्या आत.
भागूबाई, मी म्हटलं. सगळ्या हसल्या.
सर नाही हसले.
त्याला पुढच्या शनिवारी पण खेळायचंय, म्हणाले,
आणि चहाला गेले.

मग ऑक्टोबरचं ऊन, धुळे, विभागीय सामना.
शेवटची चढाई वगैरे काही नव्हती,
मध्यंतराआधीची साधी,
आम्ही चार गुणांनी पुढं.
बोनस घेतला होता. फिरायचं फक्त.
पण उजव्या कोपऱ्यातली पोरगी मोकळी दिसली,
साखळी सुटलेली, नजर दुसरीकडे.
मोकळी नव्हती. सोडलेली होती.
मी तिला वाचलं नाही,
तिनं मला वाचलं.
खांदा निसटला तेव्हा आवाज
पऱ्हाटीची वाळकी काडी मोडावी, तसा.

आता थंडी पडलीय. हात गळ्यात.
कमलच्या अंगावर माझा नंबर,
मैदानावर ती फक्की टाकतेय, रेघ थोडी वाकडी.
मी डाव्या हातानं मोबाइल धरून बसलेय,
सर शेजारी, मफलर कानावर.

सात नंबरनं चेंडू पोटाशी नेला
आणि या वेळी सोडला.
दिला दोस्ताला.
तरी स्वतः पळाला, बाहेरून,
कोपर अंगाशी दाबून,
रिकाम्या हातानं, पुऱ्या वेगात,
जणू अख्खं गाव त्याच्याच बगलेत आहे.
तिघं त्याच्या मागं धावले. तिघं पडले.

"सांग," सर म्हणाले, "चेंडू कोनाकडे शे?"

मी त्या तिघांकडे बघत राहिले.